कोल्हापुरातून बेळगावला शिफ्ट होतोय, सेफ्टीचं कसं बघायचं?

शाहूपुरीची_लेक

नमस्कार मंडळी. मिस्टरांना बेळगावला उद्यमबागेत एका फाउंड्रीत जॉब लागलाय, पगार चांगला आहे, मे अखेरपर्यंत जायचं म्हणतोय म्हणजे लेकीची शाळा मधेच तुटायला नको, ती आता आठवीला जाईल. अंतर म्हणाल तर ११० किलोमीटर, माझी आत्या बेळगावातच वडगावात दिलेली होती, लहानपणी दर मे महिना तिच्याकडंच जायचा, त्यामुळं गाव मला परकं नाही. पण कायमचं राहायला जायचं म्हटल्यावर घरात सगळे बिथरलेत. दीर रोज एक व्हिडिओ पाठवतात, कुठं बस अडवली, कुठं पाटीला काळं फासलं, आणि खाली लिहितात "अजून विचार करा". माझी आई म्हणते राज्य बदललं की पोलीस पण आपले राहत नाहीत.

मी म्हटलं व्हिडिओ बघून ठरवायला नको, सरकारी आकडे बघूया. क्राइम इन इंडिया म्हणून देशातल्या गुन्ह्यांचा सरकारी अहवाल असतो, त्याचे तक्ते डाउनलोड केले, दोन रात्री बसले, पण डोकं चालेना. राज्याचे आकडे आहेत, शहरांच्या यादीत बेंगळुरू आहे, मुंबई पुणे नागपूर आहे, बेळगाव नाहीच. मग कर्नाटकाचा आकडा घेऊन बेळगावचं काय ठरवणार?

आमची परिस्थिती अशी आहे की मिस्टरांना आलटून पालटून सेकंड शिफ्ट असणार, सुटायला रात्रीचे साडेअकरा. लेकीची ट्युशन संध्याकाळी. सासूबाई ७१ वर्षांच्या, गुडघे दुखतात, मला काम मिळालं तर त्या दिवसभर घरात एकट्या. भाडं १२ हजारापर्यंत जमेल. तुमच्यापैकी जे बाहेरून बेळगावात आले त्यांनी हे सगळं कसं तोललं ते सांगा. एरिया तर सांगाच, पण विचार कसा केला ते जास्त सांगा.

तिसरं_गेट_टिळकवाडी

ताई, तुमची पोस्ट वाचून मला माझेच दिवस आठवले. आम्ही साताऱ्याहून २०१४ साली आलो, त्याच वर्षी १ नोव्हेंबरला गावाचं सरकारी नाव बेळगावी झालं म्हणून साल पक्कं लक्षात आहे. तेव्हा माझा मुलगा सहावीत होता आणि माझ्या पोटात पण असाच गोळा आला होता.

आधी आकड्यांचं सांगते. ती शहरांची वेगळी यादी २० लाखांवर वस्ती असलेल्या शहरांची असते, बेळगाव शहर २०११ च्या जनगणनेत पाच लाखाला पण पोचलं नव्हतं, म्हणून त्यात नाही. जिल्ह्याचा आकडा बघायला गेलात तर जिल्हा केवढा, ४७ लाखांवर लोक, बेंगळुरू शहर जिल्हा सोडला तर राज्यात सगळ्यात मोठा, अथणीपासून सौंदत्तीपर्यंत सगळं त्यात आलं. अथणीकडं जमिनीवरून भांडण झालं त्याचा तुमच्या लेकीच्या ट्युशनशी काय संबंध? शहराला पोलीस कमिशनर आहे आणि बाकी जिल्ह्याला एसपी, तेव्हा बघायचंच असेल तर शहराचं वेगळं काढून बघा.

आणि दुसरं, ते आकडे नोंद झालेल्या गुन्ह्यांचे असतात. केरळचा दर बघा, लाखामागे किती मोठा दिसतो, म्हणून केरळात लोक घाबरून राहतात का? तिथं लोक तक्रार देतात आणि पोलीस लिहून घेतात. जिथं लिहूनच घेत नाहीत तिथला आकडा छान दिसतो. मला हे कळायला वर्ष गेलं.

आम्ही काय केलं ते सांगते. सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या ऑर्डरप्रमाणे एफआयआर पोलिसांच्या वेबसाइटवर टाकावी लागते, कर्नाटकाच्या साइटवर स्टेशन निवडून बघता येतं. आम्ही आलो तेव्हा हे नव्हतं, पण २०१९ ला घर बदलताना मी टिळकवाडी, उद्यमबाग, शहापूर अशा तीन स्टेशनचं दोन महिन्यांचं बघितलं. सगळं कन्नडमध्ये आहे, शेजारच्या अक्कांना घेऊन बसले, त्या वाचत गेल्या मी वहीत लिहीत गेले. गाडी चोरी, अपघात, उसने पैसे, नवराबायको, ऑनलाइन फसवणूक, कुलूप लावलेलं घर फोडणं. त्यातून मला कळलं की मला कशाची काळजी करायची आहे, तर कुलूप लावून गावाला जायची. एक मात्र लक्षात ठेवा, बायकांवरच्या अत्याचाराच्या, लहान मुलांच्या अशा नाजूक केसेस साइटवर टाकत नाहीत, त्यामुळं तिथं दिसलं नाही म्हणजे घडलंच नाही असं समजू नका.

त्या गोष्टीसाठी जाऊन बघण्याला पर्याय नाही. घर दाखवणारा एजंट तुम्हाला सकाळी अकराला नेणार, तेव्हा कुठलीही गल्ली चांगलीच दिसते. तुम्ही संध्याकाळी साडेसात-आठला जा, ट्युशन सुटायच्या वेळेला. पोरी एकट्या सायकलवरून चालल्यात का, कोपऱ्यावरचं किराणा दुकान किती वाजेपर्यंत उघडं असतं, कट्ट्यावर म्हाताऱ्या बसतात का. जिथं म्हाताऱ्या कट्ट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला "कुणाकडं निघालायसा" विचारतात ती गल्ली मी डोळे मिटून घेईन, मला त्या चौकश्यांचा आधी खूप राग यायचा, पण माझा मुलगा एकदा शाळेतून आला नाही तेव्हा त्याला कुठल्या वळणावर बघितलं हे तासाभरात मला त्यांनीच सांगितलं.

एरिया म्हणाल तर उद्यमबागेला जायचं असेल तर टिळकवाडी, हिंदवाडी, अनगोळ, भाग्यनगर हेच बघा, रात्रीचा रस्ता जितका छोटा तितकं बरं. स्वस्त मिळतं म्हणून लांब नव्या लेआउटमध्ये जाऊ नका, तिथं दोन प्लॉट सोडून एक घर असतं आणि सासूबाईंना हाक मारायला माणूस नसतं.

सेकंड_शिफ्ट

मी मच्छेला राहतो, उद्यमबागेत मशीन शॉपला ६ वर्षं झाली. दादांना सांगा शिफ्ट सुटली की एकटं निघायचं नाही, टिळकवाडीच्या तिसऱ्या रेल्वे गेटाकडं जाणारे चार-पाच गाड्या मिळून निघतात, मोबाईलवर बोलत कडेला थांबायचं नाही. मारामारी लुटालूट म्हणाल तर माझ्याबाबतीत तसं कधी काही झालं नाही, भीती आहे ती अपघाताची, खानापूर रोडला रात्री ट्रक असतात आणि पावसाळ्यात खड्डा दिसत नाही. हेल्मेट आणि मागचा लाल दिवा हे दोन बघा पहिल्यांदा.

माझी गाडी चोरीला गेलेली २०२१ ला, हँडल लॉक होतं तरी. आता चाकाला वेगळी साखळी लावतो. घर बघताना गाडी गेटच्या आत लागते का बघा.

जॉइन व्हायच्या आधी एचआरला विचारा कंपनीची गाडी सोडते का ते, काही कंपन्या सोडतात, पण मागितल्याशिवाय देत नाहीत.

निपाणीकर

वरच्या ताईंनी चांगलं लिहिलंय पण मला वाटतं त्यांनी दीरांच्या भीतीला बगल दिली. ती भीती खोटी नाही आणि खोटी आहे असं सांगणं बरोबर नाही.

डिसेंबर २०२२ ला हिरेबागेवाडी टोल नाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले. फेब्रुवारी २०२५ ला इकडं बेळगावात कर्नाटकच्या बसच्या कंडक्टरला भाषेवरून मारहाण झाली, मग तिकडं चित्रदुर्गात आपल्या एसटीच्या ड्रायव्हरला काळं फासलं, बसेस बंद झाल्या. मार खाल्लेला कंडक्टर आणि काळं फासलेला ड्रायव्हर दोघंही ड्युटीवर होते हो, दोघांची पोरं घरी वाट बघत होती, मला दोघांबद्दल सारखंच वाईट वाटतं. माझ्या स्वतःच्या गाडीची मागची काच अशाच एका दिवशी फुटली, एमएच ०९ म्हणजे कोल्हापूरचा नंबर, लग्नाला आलो होतो, हॉलच्या बाहेर लावलेली. कुणी मारला दगड ते कळलं नाही, बायको आणि दोन पोरं आत जेवत होती हे नशीब.

पण मी हे सगळं सांगून येऊ नका म्हणत नाहीये, माझी बहीण ३० वर्षं शहापुरात आहे. मी म्हणतो दोन प्रकारची भीती वेगवेगळी ठेवा. रोजची जी आहे, चोरी, अपघात, पोरीचा रस्ता, ती एरिया बघून ठरते. ही दुसरी तारखेवर येते. १ नोव्हेंबर, एकीकडं कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक आणि एकीकडं मराठी लोकांचा निषेधाचा काळा दिवस, त्या दिवशी चन्नम्मा सर्कल, संभाजी चौकाकडं पोरीला घेऊन जायचं नाही. डिसेंबरात सुवर्णसौधला, म्हणजे इथल्या विधानभवनात, अधिवेशन असतं तेव्हा रोज एक मोर्चा. कोर्टात सीमाप्रश्नाची काही हालचाल झाली की आठवडाभर वातावरण तापतं, २००४ पासून ते चाललंय. वर्षातले असे दिवस थोडेच, पण त्या दिवशी कोल्हापूरला निघायचा प्लॅन ठेवू नका, जायचंच पडलं तर बसच्या मागं न लागता मिरजेवरून रेल्वे धरा.

गाडीचं आल्याआल्या बघा. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांच्या वर गाडी ठेवायची तर नवीन नंबर घ्यावाच लागतो, कोल्हापूर आरटीओची एनओसी काढा, इकडं रोड टॅक्स भरून केए २२ करून घ्या आणि तिकडचा उरलेला टॅक्स परत मागा. इकडचा टॅक्स जड आहे, पोटात दुखेल. पण माझ्या काचेचा अनुभव घेतल्यावर मी म्हणेन वर्षभर थांबू नका.

वकील_खानापूर

ताईंच्या आईचं एक वाक्य आहे, राज्य बदललं की पोलीस आपले राहत नाहीत. त्यावर लिहितो कारण रोज माझ्याकडं येणाऱ्या मराठी पक्षकारांचं हेच दुखणं असतं.

इथं एफआयआर कन्नडमध्ये लिहिली जाते. माणूस मराठीत तोंडी सांगतो, लिहिणारा त्याला समजलं तसं कन्नडमध्ये उतरवतो, आणि हा न वाचता सही करून येतो. सहा महिन्यांनी कोर्टात कळतं की चोरी दाराचं कुलूप तोडून झाली होती ते लिहिलंच नाही, किंवा साखळीचं वजनच लिहिलेलं नाही. यात प्रत्येक वेळी कुणाची बदमाशी असतेच असं नाही, भाषेच्या मधे गोष्ट गळते. कायद्यात तुम्हाला हक्क आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३, तोंडी सांगितलेलं लिहून घेतल्यावर तुम्हाला वाचून दाखवलंच पाहिजे आणि कॉपी फुकट दिली पाहिजे. तेव्हा घरातल्या प्रत्येकानं एक वाक्य पाठ करा, "ओदि हेळ्री सर", वाचून सांगा साहेब. आवाज न चढवता म्हणा, त्या "री" मध्ये आपल्या "जी" सारखा मान आहे, समोरचा ऐकतो. आणि जाताना आपली तक्रार घरूनच कागदावर लिहून न्या, मराठीत लिहा, जमलं तर खाली इंग्रजीत, आणि पोच घ्या.

त्याच कलमात आता असं आहे की गुन्हा कुठल्या हद्दीत घडला यावरून तक्रार नाकारता येत नाही. सीमेवरच्या माणसाला याचा फार उपयोग. कोगनोळीच्या आसपास गाडीत पर्स मारली गेली, महाराष्ट्रात की कर्नाटकात कळत नाही, तर पूर्वी इकडून तिकडं फिरवायचे. आता पहिल्या स्टेशनला शून्य नंबरनं घ्यायची आणि त्यांनी पुढं पाठवायची. ऑनलाइन पण देता येते, तीन दिवसांत जाऊन सही करायची. ११२ दोन्ही राज्यांत एकच आहे.

घर घेताना भाडेकरार लेखी करा आणि मालकाला सांगून स्टेशनला भाडेकरूची माहिती द्या. लोकांना वाटतं हे मालकाच्या सोयीसाठी आहे. मी म्हणतो तुम्ही स्वतः जा, नवराबायको दोघं. काही झालं नसताना एकदा स्टेशनची पायरी चढलेला माणूस, काही झाल्यावर चढायला कचरत नाही.

आणि सासूबाई. तुम्ही सगळे रस्त्याचा विचार करताय, माझ्या मते तुमच्या घरात सगळ्यात जास्त धोका त्यांच्या हातातल्या फोनला आहे. पोलीस बोलतोय, सीबीआय बोलतोय, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय, कॅमेऱ्यासमोरून उठू नका. २०२५ ला आमच्या खानापूर तालुक्यात असल्या फसवणुकीपायी एका वृद्ध जोडप्याचा जीव गेला, त्यानंतर कितीतरी दिवस मी नीट झोपलो नाही. डिजिटल अरेस्ट नावाचं कायद्यात काही नाही हे त्यांना दहादा सांगा. पैसे गेलेच तर रडत बसायचं नाही, ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन, जितक्या लवकर फोन तितकी पैसे अडकायची शक्यता जास्त. हा धोका कोल्हापुरात राहिलात तरी तेवढाच.

शाहूपुरीची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कोणी लिहील वाटलं नव्हतं. वकील दादा, सासूबाईंना तुमचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवला, त्या गप्प झाल्या आणि मग म्हणाल्या मागच्या महिन्यात एक फोन आला होता, मी घाबरून कट केला आणि तुला सांगितलं नाही. मला धक्काच बसला. एका घरात राहून मला माहीत नव्हतं.

निपाणीकर दादा एक विचारते, लेकीच्या शाळेत भाषेवरून पोरं त्रास देतात का? हे मला रात्री जास्त छळतं.

तिसरं_गेट_टिळकवाडी

मी सांगते कारण माझा मुलगा यातून गेलाय. पहिले चार महिने कन्नडच्या तासाला तो मान खाली घालून बसायचा, इकडं शाळेत कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून घ्यावीच लागते, २०१५ पासून कायदाच आहे, बाहेरून मधल्या वर्गात आलेल्या मुलाचं काय करतात ते ॲडमिशनच्या आधी शाळेत स्पष्ट विचारून घ्या. पोरांनी चिडवलं, पण ते मराठी आहे म्हणून नाही, "साताऱ्याचं" बोलतो म्हणून, आणि चिडवणारी अर्धी मराठीच होती. आता तो कन्नडमध्ये भांडतो. टिळकवाडीत, शहापुरात, अनगोळात तुम्ही दिवसभर मराठीत राहू शकता, महांतेशनगर, रामतीर्थनगरकडं कन्नड जास्त. पण मी म्हणेन मराठी चालतंय म्हणून कन्नड शिकायचं टाळू नका, मी स्वतः पाच वर्षं टाळलं, रिक्षा, बँक, दवाखाना, प्रत्येक ठिकाणी कुणाला तरी सोबत न्यायची. ज्या दिवशी "ननगे कन्नड स्वल्प बरतद", मला थोडं कन्नड येतं, असं म्हणाले त्या दिवशी समोरच्या बाईचा चेहराच बदलला.

शाहूपुरीची_लेक

परवा शनिवारी जाऊन आलो, म्हणून लिहिते, नंतर कुणाला उपयोग होईल.

तीन घरं बघितली. पहिलं लांब नव्या लेआउटमध्ये, मोठं, हवेशीर, ९ हजार. मिस्टरांना खूप आवडलं. मी म्हटलं आठला परत येऊया. आठला आलो तर त्या रस्त्यावर आम्ही तिघं आणि दोन कुत्री, बाकी अंधार. मिस्टर स्वतःच म्हणाले नको. दुसरं अनगोळात, घर चांगलं पण गाडी रस्त्यावर लावावी लागते. तिसरं हिंदवाडीत, दुसरा मजला, ११ हजार, दोनच खोल्या आणि स्वयंपाकघर, पण खाली मालकीणबाई राहतात, दिवसभर घरी असतात, समोर किराणा दुकान दहापर्यंत उघडं. साडेसातला चार पोरी ट्युशनहून चालत आल्या, आमच्या लेकीनं त्यांच्याशी बोलून कुठल्या सरांकडं जाता ते पण विचारून घेतलं. जिना मात्र सासूबाईंना जड जाणार. मालकीणबाई म्हणाल्या दिवसा खाली माझ्याकडं बसूदे की.

मग रात्री मुद्दाम साडेअकराला उद्यमबागेच्या तोंडाशी जाऊन थांबलो, लेकीला आत्याच्या सुनेकडं वडगावात ठेवून. शिफ्ट सुटली, माणसं घोळक्यानं बाहेर पडली, चहाची एक गाडी चालू होती. त्यांच्या मागं मागं आम्ही हिंदवाडीपर्यंत गाडी चालवली. मला वाटलं होतं तेवढी भीती नाही वाटली, पण ट्रकांचं सेकंड शिफ्ट दादा म्हणाले ते अगदी खरं, दोनदा मी मिस्टरांचा खांदा घट्ट धरला. एचआरशी बोलणं झालंय, गाडी तिसऱ्या गेटापर्यंत सोडते असं म्हणालेत, लेखी मागितलंय.

रविवारी पोलीस स्टेशनला पण जाऊन आलो, भाडेकरूचा फॉर्म विचारायला. माझे पाय थरथरत होते, खरं सांगते, आयुष्यात पहिल्यांदा गेले. आतल्या हवालदारांनी अर्धं मराठी अर्धं कन्नड बोलून काय काय कागद लागतात ते सांगितलं, आधार, फोटो, भाडेकरार. दहा मिनिटांत बाहेर आलो. आईला फोन करून सांगितलं, ती म्हणाली काम नसताना सगळेच गोड बोलतात. तिचंही खरं आहे, तिला मी काही उत्तर दिलं नाही.

टोकन दिलंय हिंदवाडीच्या घराला. दिरांचे व्हिडिओ अजून येतात, मी आता तारीख बघते आणि जागा बघते, निम्मे जुने असतात. जो खरा असतो त्या दिवशी मिस्टरांना सांगायचं की गाडी काढू नका. एमएच ०९ चा नंबर बदलायला मिस्टर तयार नाहीत, त्यांचा जीव आहे त्या नंबरावर, निपाणीकर दादांची काच वाचून दाखवली तेव्हा कुठं एनओसीचा फॉर्म भरूया म्हणाले.

आता एकच. हिंदवाडी अनगोळ भागात कन्नड शिकवणाऱ्या कुणी बाई माहिती असतील तर सांगा, मला आणि लेकीला दोघींना यायचंय.

तिसरं_गेट_टिळकवाडी

आमच्या गल्लीत रिटायर टीचर आहेत, मलाही त्यांनीच शिकवलं, फी फार घेत नाहीत. तुम्हाला मेसेज करते. सामान घेऊन याल त्या दिवशी स्वयंपाकाला लागू नका, डबा मी आणते, सासूबाईंना तिखट चालतं का तेवढं कळवा.